बेळगावला यायचं कसं आणि आल्यावर फिरायचं कसं? पाहुण्यांसाठी सल्ला हवा आहे

जाईजुई (टिळकवाडी)
नमस्कार मंडळी. आमच्या डोंबिवलीच्या थोरल्या जाऊबाई, वय 72, त्यांच्या बहिणीला घेऊन डिसेंबरात आठ दिवस आमच्याकडे यायचं म्हणतायत. गेली सात वर्षं दर वर्षी ठरतं आणि मोडतं. कारण एकच: "तिकडे यायचं म्हणजे लांब, गाड्या कधी बंद पडतील सांगता येत नाही, आणि भाषा येत नाही." मुलगा म्हणतो गाडीने सोडतो, पण त्याला सुट्टी नाही. म्हणून परत पुढे ढकलायचं चाललंय.

त्यांना सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायचं आहे, गोकाकचा धबधबा बघायचा आहे, आणि हलशीचं देऊळ. मला स्वतःला वाटतं की रेल्वेने यावं आणि इथे बसनेच फिरावं. मी लहानपणी वडिलांबरोबर सगळा बेळगाव जिल्हा बसनेच पाहिलाय. घरचे म्हणतात, या वयात हे जमायचं नाही, भाड्याची गाडी करा. तुमचे अनुभव सांगा. यावेळी त्यांना आणायचंच आहे.

मिरज_जंक्शन
ताई, डोंबिवलीचे असतील तर कल्याणहून बसवा. दादरहून रात्री सुटणाऱ्या चालुक्य आणि शरावती एक्सप्रेस कल्याण, पुणे, मिरज करत बेळगावला दुसऱ्या दिवशी पोचतात. वार बघून घ्या, रोज एकच गाडी नसते. खालचा बर्थ मिळाला की रात्रभर झोप, सकाळी मिरजेत चहा. तिथून पुढे साधारण 138 किलोमीटर: शेडबाळ, उगार, कुडची, रायबाग, घटप्रभा. कृष्णा ओलांडली की दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. हा पट्टा दिवसाउजेडी बघण्यासारखा आहे.

आरक्षणाच्या साइटवर 'बेळगाव' टाकून सापडलं नाही तर 'बेळगावी' टाका, किंवा स्टेशनचा कोड बीजीएम. माझ्या मावशीने अर्धा तास 'बेळगाव' शोधण्यात घालवला होता.

वेंगुर्लारोड
वंदे भारत का कुणी सांगत नाही? पुणे–हुबळी 16 सप्टेंबर 2024 पासून धावते. पुण्याहून दुपारी सव्वादोनला निघते, रात्रीच्या जेवणाला बेळगाव. परतीला हुबळीहून पहाटे 5 ला सुटते, सातच्या सुमारास बेळगाव, दुपारी पुणे. मात्र आठवड्यातून तीनच दिवस. बेंगळुरूचे पाहुणे असतील त्यांच्यासाठी ऑगस्ट 2025 पासून बेळगाव–बेंगळुरू वंदे भारतही आहे.

मिरज_जंक्शन
@वेंगुर्लारोड, बरोबर. पण डोंबिवलीहून आधी पुणे गाठायचं, तिथे सामान घेऊन जिना चढायचा, मग सहा तासांहून जास्त बसून. 72 वर्षांच्या बाईला झोपून यायची गाडी बरी, असं मला वाटतं.

सांबरा_विंग
विमानाने या की! मुंबईहून सव्वा-दीड तास. सांबरा विमानतळ शहरापासून दहाएक किलोमीटर. धावपट्टी 1942 ची, दुसऱ्या महायुद्धातली. आजही शेजारी हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. 2017 ला नवी इमारत झाली, 2019 नंतर उडान योजनेत विमानं वाढली. ज्येष्ठांना व्हीलचेअर मिळते, तिकीट काढतानाच सांगायचं.

एक मात्र लक्षात ठेवा, इथल्या विमानांचे मार्ग आणि वार बदलत असतात. नात्यातल्या कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका, त्या आठवड्याचं वेळापत्रक बघा. विमान नसेल तर हुबळीचा विमानतळ आहे, नाहीतर गोव्यातला मोपा.

अथणीची_सून
विमानाने आलात तर सांबऱ्याहून घरी यायची गाडी आधी ठरवा. रिक्षाचं भाडंही बसायच्या आधी ठरवायचं, मग कटकट नाही.

आणि रात्रीच्या खासगी बसबद्दल कळकळीने सांगते. आमच्या सासूबाई मुंबईहून अशा एका बसने आल्या. तिकिटावर बेळगाव शहर लिहिलेलं. पहाटे साडेतीनला हायवेवर उतरवलं, "शहरात जात नाही" म्हणून. दोन पिशव्या, एक लोणच्याची बरणी, आणि अंधार. शेजारच्या टपरीवाल्याने दूध उकळायला ठेवलं होतं, त्याने खुर्ची दिली, त्यांच्या फोनवरून आम्हाला कळवलं, आणि आम्ही पोचेपर्यंत तो स्वतः चूल सोडून रस्त्याच्या कडेला उभा होता. चहाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "नम्म अव्वा इद्दंगे." आमच्या आईसारख्याच. खासगी बसने येणार असाल तर उतरायची जागा फोन करून पक्की करा, आणि घरच्या माणसाला तिथे उभं करा.

जाईजुई (टिळकवाडी)
@अथणीची_सून, वाचून अंगावर काटा आला, आणि त्या टपरीवाल्याला मनापासून नमस्कार. रेल्वेच पक्कं करते. तिकीट मीच काढून पाठवते म्हणजे कारण उरणार नाही.

निपाणीकर_तंबाखूवाला
रस्त्याने येणाऱ्यांसाठी लिहितो. पुणे–बेळगाव साधारण 340 किलोमीटर, कोल्हापूर–बेळगाव 110 च्या आसपास. कागल संपलं की दूधगंगा, कोगनोळीचा टोल, आणि कर्नाटक लागलं. पुढे निपाणी, तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोल, वंटमुरीचा घाट, काकती, बेळगाव. सहापदरीचं काम चालू आहे, वळवलेले रस्ते असतात, रात्री जपून. तवंदीच्या उतारावर ट्रक गिअरमध्ये ठेवूनच उतरवतात, तुम्हीही ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. मी त्या वळणावर फार गाड्या उलटलेल्या पाहिल्यात.

पावसाळ्यात मात्र निघण्याआधी फोन करा. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद पडला. 2019 ला आमच्या गल्लीतल्या बायकांनी चार दिवस भाकऱ्या थापल्या. तमिळनाडूचे, राजस्थानचे ट्रकवाले रांगेत अडकलेले. कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती. भाकरीवर ठेचा ठेवला की सगळे हात जोडायचे.

सह्यवेडा
गोव्याकडून किंवा कोकणातून येणाऱ्यांनी घाट नीट निवडावा. तीन वाटा आहेत. खानापूर–लोंढा–रामनगर करून अनमोड घाट, जांबोटी–कणकुंबी करून चोर्ला, आणि शिनोळी–पाटणे फाटा करून आंबोली. चोर्ला सगळ्यात जवळचा म्हणून सगळे तिकडे वळतात, पण कणकुंबीचा पाऊस भयानक. मलप्रभेचा उगमच तिथला. जून ते सप्टेंबर त्या रस्त्याला खड्डे आणि धुकं दोन्ही. आंबोलीचा रस्ता थोडा फिरून, पण मला त्यावर भरवसा वाटतो. आता संकेश्वर–गडहिंग्लज–आजरा–आंबोली–बांदा असाही महामार्ग झालाय, म्हणजे कोल्हापूर बाजूने कोकणात उतरायचं तर बेळगाव शहरात यायलाच नको.

बेळगावी_पोरगा
शहरात यायलाच नको म्हणता? इथला गोड कुंदा कोण घेणार मग? 😄

सह्यवेडा
कुंद्यासाठी वाकडी वाट करायला मी कधीही तयार आहे.

घटप्रभा
मूळ प्रश्नावर येतो. मी आयुष्यभर बसनेच फिरलोय, खरं ताईंच्या घरच्यांचं म्हणणं मला पटतं. सगळीकडे बसने नको. कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये फुकट प्रवास देणारी शक्ती योजना आल्यापासून (11 जून 2023) साध्या बसमध्ये बसायला जागा मिळणं अवघड झालंय. चांगली योजना आहे, माझी बायको आता महिन्यातून दोनदा माहेरी जाते, मला त्याचा आनंदच आहे. पण 72 वर्षांच्या पाहुणीला सौंदत्तीपर्यंत, म्हणजे 80 एक किलोमीटर, उभं राहून नेणार का? मार्गशीर्ष पौर्णिमेला तर नकोच. कोल्हापूर, सांगलीहून एसटीच्या आणि खासगी गाड्यांच्या रांगा लागतात. जोगुळभावीपासून डोंगरापर्यंत माणूसच माणूस. पौर्णिमेचा आठवडा सोडून जा, मंगळवार-शुक्रवार टाळा, सकाळी लवकर निघा.

जाईजुई (टिळकवाडी)
शक्तीचा मुद्दा बरा काढलात. जाऊबाईंचं आधार कार्ड डोंबिवलीचं, म्हणजे त्यांना पूर्ण तिकीट, आणि मला शून्य रुपयांचं. एकाच सीटवर बसून!

दूधगंगा
आमच्याकडे रोजचंच आहे हे. मी सीमेच्या अलीकडे, कर्नाटकात राहते, नोकरी कागलला. कर्नाटकाच्या बसमध्ये आमच्या हद्दीपर्यंत शून्य तिकीट, पुढे महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं, 17 मार्च 2023 पासून. पण तेही त्यांच्या हद्दीपुरतंच. थेट आंतरराज्य बस पकडली की दोन्हीकडचा हिशोब वेगळा. म्हणून आम्ही बायका एका गाडीतून उतरून दुसरीत चढतो. माझी शेजारीण सगळं पाठ करून बसलीय, कुठे उतरलं की किती वाचतात. त्या पैशातून तिने मुलीला सायकल घेतली.

पाहुण्यांना सांगा, महाराष्ट्राची एसटी इथे आली तरी अर्धं तिकीट बेळगावपर्यंत चालत नाही. तिकडून येणाऱ्या बऱ्याच जणींचा इथेच घोळ होतो.

खानापूरकर
हलशीबद्दल. खानापूर बेळगावपासून 26 किलोमीटर, बस, रेल्वे दोन्ही आहे. तिथून हलशी सुमारे 14. कदंबांची जुनी राजधानी, भूवराह नृसिंहाचं देऊळ. नृसिंह आणि वराह समोरासमोर, एकाच देवळात दोन गाभारे. पण खानापूरहून आत जाणाऱ्या बसची वेळ तुम्हाला सांभाळावी लागते, बस तुमची वेळ सांभाळत नाही. परतीची चुकली तर वडापची (शेअर जीपची) वाट बघत बसायचं. मी म्हणेन, या एका दिवसासाठी गाडी करा. त्याच वाटेवर नंदगडला संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, तीही होईल.

आणि गाडी केलीत तर ड्रायव्हर खानापूर तालुक्यातला घ्या. आमच्याकडच्या आतल्या रस्त्यांवर फोनमधला नकाशा कधीकधी जंगलात नेऊन सोडतो. गेल्या पावसाळ्यात दोन पोरं रात्री आमच्या दारात आली, नकाशा बघत बघत. त्यांना जेवायला घालून सकाळी वाटेला लावलं.

बेळगावी_पोरगा
गोकाकला मात्र रेल्वेनं जावा ताई. आमच्यात लहानपणी सगळी असंच जायची. घटप्रभाला उतरायचं, तिथनं धबधबा जवळ. नदी तिथं 52 मीटर खाली पडती. झुलता पूल आहे, बंद असला तर लांबनं बघा. डिसेंबरात पाणी कमी असतंय, खरं कड्याचा दगड बघण्यासारखा असतोय. येताना करदंट (डिंक-सुक्यामेव्याची मिठाई) घ्यायला विसरू नका.

मिरज_जंक्शन
गोकाकचा विषय निघाला म्हणून एक जुनी आठवण लिहितो. माझे वडील रेल्वेत होते. मिरज स्टेशनात तेव्हा तिन्ही मापांचे रूळ होते: पुण्याकडून रुंद, बेळगावकडे मीटरगेज, पंढरपूरकडे अरुंद. मुंबईहून बेळगावला येणारा प्रत्येक माणूस मिरजेत उतरायचा, ट्रंक, वळकटी, पाण्याचा फिरकीचा तांब्या घेऊन पूल ओलांडायचा आणि बेळगावच्या छोट्या गाडीत बसायचा. रात्री दोन वाजता प्लॅटफॉर्मवर झोपलेली पोरं खांद्यावर टाकून आया धावायच्या. नव्वदच्या दशकात मार्ग रुंद झाला आणि ते सगळं थांबलं. आमच्या घरात मात्र अजून "बेळगावला जायचं म्हणजे मिरजेत उतरायचं" असं आजी म्हणायची, शेवटपर्यंत. ताई, तुमच्या जाऊबाईंना "लांब" वाटतं ना, ते बहुधा त्या काळातलं मनात बसलंय. आता एका बर्थवरून उठून थेट बेळगावात उतरायचं.

जाईजुई (टिळकवाडी)
अगदी हेच असणार. त्या लग्नानंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा मिरजेतच त्यांची एक पिशवी राहिली होती. ती गोष्ट अजून सांगतात.

वेंगुर्लारोड
रेल्वेचं इतकं कौतुक चाललंय तर एक दुखणंही सांगतो. बेळगाव–धारवाड रस्त्याने कित्तूर करून दीड-दोन तास. रेल्वे मात्र आधी लोंढ्याला जाते, मग अळणावर, मग धारवाड. म्हणजे आधी दक्षिणेला जाऊन मग पूर्वेला. कित्तूरमार्गे सरळ लोहमार्ग मंजूर आहे, पण जमिनीवरून अडलंय. त्यामुळे कित्तूरचा राणी चन्नम्मांचा किल्ला बघायचा तर बसच. हायवेवरच आहे, सोपं आहे.

खानापूरकर
@वेंगुर्लारोड, "जमिनीवरून अडलंय" एवढ्यात ते संपत नाही. तो मार्ग ज्या गावांतून जातो तिथली काळी सुपीक जमीन आहे, वर्षाला दोन-तीन पिकं निघतात. माझ्या मामाचं शेत त्यात येतं. पडीक माळावरून न्या, आम्हीच फुलं टाकू, असं लोक म्हणतायत. रेल्वे हवीय सगळ्यांना. पण ज्याची विहीर जाते त्याला एकदा विचारा.

वेंगुर्लारोड
मान्य. मी प्रवाशाच्या बाजूने लिहिलं, शेताच्या बाजूने बघायला हवं होतं.

नवीन_सदस्य_ठाणे
मी वाचक आहे, एक भीतीचा प्रश्न. सीमाप्रश्नावरून बस बंद होतात, महाराष्ट्राच्या गाड्यांना त्रास होतो असं बातम्यांत बघतो. म्हाताऱ्या माणसांनी यावं का?

दूधगंगा
होतं कधीकधी, खोटं का सांगू. डिसेंबर 2022 मध्ये दोन्हीकडच्या बस काही दिवस थांबल्या होत्या. मी तेव्हा कोगनोळीपर्यंत येऊन पुढे चालत गेले. पण वर्षातले बाकीचे दिवस याच रस्त्यावरून भाजी, दूध, पोरं, पेशंट सगळं जातं-येतं. माझ्या बाळंतपणात रात्री कोल्हापूरला नेणारा रिक्षावाला कन्नड होता. 1 नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास आणि काही पेटलेलं असेल तेव्हा बातम्या बघून निघा. रेल्वे अशा वेळीही सहसा चालू असते. बाकी निर्धास्त या.

अथणीची_सून
आणि डिसेंबरात येताय तर अजून एक. हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन बहुतेक डिसेंबरातच असतं. तेव्हा लॉज भरलेले असतात, हायवेवर मोर्चे आणि पोलीस असतात. ताईंचे पाहुणे घरीच राहणार म्हणून प्रश्न नाही, पण गाडी ठरवायची असेल तर आधी ठरवा, त्या आठवड्यात सगळ्या बुक असतात.

घटप्रभा
भाषेचं काय करायचं ठरवलंत ताई? बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. कंडक्टरांना बहुतेक मराठी येतं, बैलहोंगल-सौंदत्तीकडे गेलात की कमी होत जातं. "एल्लम्मन गुड्डक्क होगतैतेनरी?" एवढं पाठ केलं तरी पुरे. यल्लम्माच्या डोंगराला जाते का हो. शेवटचं 'री' विसरू नका, ते म्हणजे आपलं 'अहो'.

जाईजुई (टिळकवाडी)
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. असं ठरवलंय: कल्याणहून रेल्वे, खालचे दोन बर्थ. गोकाक रेल्वेने. हलशी-नंदगडला खानापूरच्या ड्रायव्हरची गाडी. सौंदत्ती पौर्णिमेनंतर आठवड्याने, बुधवारी, सकाळच्या पहिल्या बसने, कारण बस स्टँडवरूनच भरते आणि जागा मिळते. घरच्यांना हे पटलंय.

जाईजुई (टिळकवाडी)
तीन आठवड्यांनी लिहितेय. आल्या! दोघी आल्या, आठाचे अकरा दिवस राहिल्या.

कालच गाडीत बसवून आले. सगळं ठरल्यासारखं झालं, फक्त हलशीला पोचलो तेव्हा गाभारा बंद होता, पुजाऱ्यांच्या घरी जाऊन बोलावून आणावं लागलं. गोकाकला पाणी बारीक होतं, जाऊबाई म्हणाल्या, पावसाळ्यात परत येते.

सौंदत्तीचं मात्र सांगायलाच हवं. आदल्या रात्री माझ्या नातीने, सहावीत आहे, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने मोठ्या कन्नड अक्षरात नावं लिहिली: बेळगाव, बैलहोंगल, सौंदत्ती, यल्लम्मा गुड्डा, गोकाक, खानापूर. प्रत्येकाखाली मराठीत तेच. सकाळी मध्यवर्ती स्टँडवर जाऊबाई ते पान दोन्ही हातांत धरून एकेका बसच्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. अक्षराला अक्षर लावून बघत होत्या, पहिलीतल्या मुलीसारख्या. मी मुद्दाम गप्प राहिले. चौथ्या बसजवळ थांबल्या आणि मला हाक मारली, "ही बघ, हीच." तीच होती. कंडक्टरने हसून पुढची सीट दिली. जाऊबाईंनी त्याला 'री' लावून काय ते विचारलं तर तो मराठीतच म्हणाला, "आजी, बसा, डोंगरावर आलो की सांगतो."

ते पान त्या बरोबर घेऊन गेल्या. आता विचारतायत, जुलैत लोंढ्यावरून दूधसागर बघत गोव्याला रेल्वेने जाता येईल का?

मिरज_जंक्शन
येईल की! वास्कोकडे जाणाऱ्या गाड्या लोंढ्यावरून कॅसलरॉकला जातात, तिथे ब्रेक तपासून मगच घाट उतरायला सुरुवात करतात. चढ 1:37 चा, म्हणून कुळेहून वर येताना मागे जादा इंजिनं लावतात. दूधसागर अगदी रुळाला लागून, 310 मीटर. रुळावर उतरून चालायला बंदी आहे, दंड होतो, तर खिडकीतूनच बघा. जुलैत त्या गाड्यांना गर्दी असते. बुकिंग 60 दिवस आधी उघडतं. तारीख ठरली की इथे टाका, मीही येतो लोंढ्यापर्यंत.